मेडिकलमधून आणलेली ती ट्यूब चेहऱ्याला लावू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी पंचवटीत राहते आणि सातपूर एमआयडीसीत पॅकिंगला जाते. पेपरला पत्र पहिल्यांदाच लिहितेय, मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या, पण हे छापाच अशी मनापासून विनंती आहे. मागच्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत चेहऱ्याचा विषय निघाला आणि आमच्या टेबलावरच्या एकीने पर्समधून ट्यूब काढून दाखवली, मग दुसरीने, मग तिसरीने, आणि तिघींच्या ट्यूबा मी दीड वर्ष लावत होते त्याच जातीच्या, म्हणजे स्टेरॉइडच्या निघाल्या. त्या रात्री मला झोप आली नाही.

नाशिक म्हणजे थंड हवा असं बाहेरगावचे पाहुणे अजून म्हणतात. एप्रिल-मेमधे पारा चाळीशी गाठतो ते ऊन कोरडं असतं, घाम आला की वाळून जातो, त्याचं एवढं वाटत नाही. चेहऱ्याची खरी वाट लागते जूनमधे, दोन सरी येऊन पाऊस गायब होतो तेव्हा, आणि नंतर ऑक्टोबर हीटमधे. हवेतच एवढा ओलावा असतो की घाम वाळत नाही, अंगावर तसाच बसून राहतो, त्यात चेहऱ्याचं तेल, त्यात सिंहस्थाच्या कामांसाठी खणलेल्या रस्त्यांची धूळ, वर स्कार्फ आणि त्याच्यावर हेल्मेट. रामवाडीच्या पुलावरून अशोकस्तंभ, तिथून त्र्यंबक रोडने सातपूर, एवढंच माझं जाणं आहे, पण कंपनीत पोचून स्कार्फ सोडला की तोंडापाशी मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटलेल्या असतात. तोच स्कार्फ ओला तसाच डिक्कीत कोंबायचा आणि संध्याकाळी परत तोंडाला बांधायचा, आम्ही सगळ्या वर्षानुवर्षं हेच करतोय.

तीन वर्षांपूर्वी अशाच जूनमधे माझ्या गालावर बारीक पुरळ उठलं, वांग तर आधीचेच होते, खाज पण सुटली. घराजवळच्या मेडिकलमधे गेले, दुकानाचं नाव मुद्दाम लिहित नाही. काउंटरवरच्या मुलाने माझ्याकडे एकदा बघितलं आणि ट्यूब पुढे केली, ताई रात्री लावा, चार दिवसांत फरक पडेल. चिठ्ठी नाही, बिल नाही, किती दिवस लावायची ते नाही. आणि फरक खरंच पडला हो. चौथ्या दिवशी पुरळ गेलं, आठवड्यात वांग फिके झाले, चेहऱ्यावर तुकतुकी आली, शेजारच्या काकू म्हणाल्या काय लावतेस गं. मी त्यांना नाव सांगितलं. माझ्या पुतणीचं लग्न ठरलं होतं, तिला तर मी स्वतःच्या पैशाने दोन ट्यूबा आणून दिल्या. ते आठवलं की आजही जीव तुटतो.

दीड वर्ष असं चाललं. मग एकदा दिंडोरीला माहेरी गेले आणि ट्यूब न्यायची विसरले. तिसऱ्या दिवशी चेहरा मिरची चोळल्यासारखा पेटला, लालभडक, साधं पाणी मारलं तरी झोंबायचं, चुलीपुढे बसवेना. घरी येऊन ट्यूब लावली आणि दोन तासांत गार वाटलं, तेव्हा मला भीती वाटायला लागली, कारण औषध बंद केलं की आजार दुप्पट आणि लावलं की आराम, हे काही बरं होणं नाही हे मलाही कळत होतं.

शेवटी सरकारी दवाखान्यात केसपेपर काढून स्किनच्या ओपीडीत गेले. तिथल्या डॉक्टर बाईंनी आधी ट्यूब मागितली. मी खालून गुंडाळत आणलेली ट्यूब दिली, त्यांनी तिची घडी उलगडली आणि आत दाबली गेलेली बारीक अक्षरं मला वाचायला लावली. एका बाजूला आरएक्सची खूण होती आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असा इशारा छापलेला होता. दीड वर्ष मी रोज ते अक्षर मुठीत दाबत होते. मग त्यांनी मोबाईलला भिंग जोडून माझा गाल स्क्रीनवर दाखवला, कातडीखाली लाल दोऱ्यांचं जाळं पसरलं होतं, नकाशात नद्या दाखवतात ना तसं. हनुवटीला केस का वाढलेत, पुटकुळ्या का येतात, उन्हात दोन मिनिटं उभं राहिलं तरी भाजल्यासारखं का होतं, सगळ्याचं उत्तर त्या एका ट्यूबमधे होतं. तिच्यात स्टेरॉइड होतं.

बाईंनी जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. स्टेरॉइड लावलं की कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि सूज दबते, म्हणून चेहरा उजळ दिसतो. महिनोनमहिने लावलं की कातडी पातळ होत जाते, आणि थांबवलं की त्याच रक्तवाहिन्या एकदम फुलतात, मग लाली आणि आग. चेहऱ्याची कातडी मुळात नाजूक, औषध भराभर आत ओढते. १९६७ साली शास्त्रज्ञांनी हे मोजून ठेवलंय, हायड्रोकॉर्टिसोन नावाचं सौम्य स्टेरॉइड हाताच्या कातडीत जेवढं जातं त्याच्या सहापट कपाळात आणि तेरापट जबड्याच्या कोपऱ्यात जातं. आणि बाजारातल्या ट्यूबांमधलं स्टेरॉइड त्याच्यापेक्षा कितीतरी कडक असतं. या दुखण्याला डॉक्टर लोकांत स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा असं सरळ नावच आहे, आणि आपल्या देशातल्या त्वचारोग तज्ज्ञांच्या संघटनेने याविरुद्ध वेगळी समिती केलीय, म्हणजे माझ्यासारख्या किती असतील विचार करा.

ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यातलं एक जरी नाव दिसलं तरी ते स्टेरॉइड आहे हे प्रत्येक घरात माहीत पाहिजे. बऱ्याचदा ते एकटं नसतं, गजकर्णाचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र करून दिलेलं असतं, म्हणून आपल्याला वाटतं ही खाजेची साधी क्रीम. दुसरा प्रकार गोरं करणारा, त्यात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन असे तिघं असतात. वांगांवर हे तिघं मिळून डॉक्टर थोडे दिवस देतात, ते औषध आहे, रोज लावायची फेअरनेस क्रीम नव्हे. मी स्टेरॉइडला शिव्या घालत नाही, माझ्या भाच्याच्या इसबावर डॉक्टरांनी तेच दिलं होतं आणि सांगितले तेवढे दिवस लावून तो बरा झाला. प्रश्न न विचारता, न मोजता, तोंडाला लावण्याचा आहे.

आणि कायदा नाही असंही नाही. २०१८ साली केंद्र सरकारने अधिसूचना काढून लावायची १४ स्टेरॉइड औषधं शेड्यूल एचमधे घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायचीच नाहीत. तरी शंभराची नोट पुढे केली की ट्यूब हातात येते. दुकानदार म्हणतील लोकच नाव सांगून मागतात, आम्ही नाही दिली तर शेजारचा देतो. खरंय, आम्ही मागतो. पण लायसन भिंतीवर तुमच्या लावलंय, औषधाचं शिक्षण तुम्ही घेतलंय, आमच्यातल्या बऱ्याच जणींना ट्यूबवरचं इंग्रजी सुद्धा वाचता येत नाही, तेव्हा जास्त जबाबदारी तुमची, हे माझं स्पष्ट मत आहे.

मला बरं व्हायला पाच महिने लागले. पहिले तीन आठवडे तर आरशात बघवत नव्हतं, कंपनीत मास्क लावून बसायचे. डॉक्टरांनी गोळ्या, साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन एवढंच दिलं, बाकी सगळं बंद. ज्या बायका आत्ता लावत असतील त्यांनी माझं वाचून एकदम थांबवू नका, डॉक्टरांना दाखवा, कुणाला हळूहळू कमी करायला सांगतात, कुणाला लगेच बंद, ते बघूनच ठरतं.

आता या चिकट हवेत चेहऱ्याचं करायचं काय, तर मला जे उपयोगी पडलं ते सांगते. घाम आला की चेहरा धुवायची आम्हाला सवय, मी दिवसातून सहा-सहा वेळा साबण लावायचे. अंगाचा साबण बराच क्षारधर्मी असतो आणि आपली कातडी थोडी आंबट, रोज एवढा साबण लावला की वरचा थर उघडा पडतो आणि चेहरा आणखीच तेलकट वाटतो. आता सकाळ-रात्री दोनदा सौम्य फेसवॉश, मधे घाम आला तर नुसतं पाणी किंवा ओला रुमाल टिपायचा, चोळायचा नाही. स्क्रब बंद. मॉइश्चरायझर हवेत ओलावा आहे म्हणून सोडायचं नाही, फक्त जाड क्रीम नको, जेलसारखं पातळ घ्यायचं.

सनस्क्रीनचं मला आधी पटत नव्हतं, ढगाळ हवेत कशाला म्हणायचे. पण ढगातून सुद्धा किरणं येतातच, आणि काळे डाग पाडणारी यूव्हीए किरणं तर काचेतून पण येतात. एसपीएफ ३० बास, त्याने भाजणारी किरणं ९७ टक्के अडतात, ५० ने ९८, म्हणजे फार फरक नाही, खरा फरक पडतो किती लावता त्याने. दोन बोटांवर लांब रेघ ओढायची, तेवढं चेहऱ्याला आणि मानेला मिळून. आपण वाटाण्याएवढं लावतो आणि उपयोग नाही म्हणतो. घामाने निघून जातं, म्हणून बाहेर असाल तर दर दोन तासांनी परत. वांग असतील तर रंगीत मिळतं ते घ्या, त्यातलं आयर्न ऑक्साइड साधा उजेड पण अडवतं.

स्कार्फ सुती घ्या, तीन ठेवा, रोज धुतलेला बांधा. हेल्मेटच्या आतली कपाळाची पट्टी कधी हात लावून बघा, चिकट्ट झालेली असते, ती निघत असेल तर आठवड्याला धुवा. माझ्या मुलाच्या कपाळावर एकसारख्या बारीक खाजऱ्या पुटकुळ्या यायच्या, आम्ही मुरमांची क्रीम लावत बसलो, तर ती निघाली बुरशी, घाम आणि तेलात वाढणारी, तिचं औषधच वेगळं. लिंबू मात्र चेहऱ्याला लावू नका, कुणीही सांगितलं तरी. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की फोड येतात आणि मागे काळे डाग राहतात, हे मी बहिणीच्या हनुवटीवर बघितलंय. डाळीचं पीठ, मुलतानी माती आठवड्यातून एकदा लावली तर कुणाचं काही बिघडत नाही, पण त्याने वांग जातील ही आशा नको.

माहेरी द्राक्षाच्या बागेत थिनिंगला, डिपिंगला, म्हणजे घड विरळायला आणि औषधात बुडवायला येणाऱ्या बाया दिवसभर ओढणीने तोंड आवळून उन्हात काम करतात, त्यांच्या झोपडीत पण मी ही ट्यूब बघितलीय, आणि त्यांना कामाचा खाडा करून ओपीडीत जायला कोण सांगणार. म्हणून तुम्हाला लिहिलं. ट्यूबवरची नावं मराठीत, मोठ्या अक्षरात, चौकट करून छापा, तज्ज्ञ डॉक्टरांकडून लिहून घ्या, जूनच्या आधी एकदा आणि ऑक्टोबरच्या आधी एकदा. अन्न व औषध प्रशासनाने नाशिकमधल्या मेडिकलमधे साध्या कपड्यातला माणूस पाठवून चिठ्ठीशिवाय ट्यूब मागून बघावी, चार दुकानात गेला तरी चित्र कळेल. आणि कंपन्यांना विनंती, बायकांच्या बाजूला चेहरा धुवायला पाण्याचा नळ चालू असू द्या. आमच्याकडे दोन आहेत, त्यातला एक बंद आहे.

शेजारच्या काकूंकडे मी स्वतः जाऊन सांगून आले, त्यांनी ट्यूब टाकून दिली नाही पण सोमवारी माझ्याबरोबर ओपीडीत यायला तयार झाल्यात. पुतणी सासरी सिन्नरला असते, तिचा फोटो काल व्हॉट्सअ‍ॅपवर मागवला. तिचे गाल लाल आहेत. तिला रविवारी बोलावलंय.

आपली,
एक वाचक
पंचवटी, नाशिक