जनसंपर्क कार्यालयातल्या काकूंना

ती. काकू,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही 'बरं बरं, पोहे खाल्लेस का?' म्हणून विषय बदलता, म्हणून हे उघड पत्र. शिवाय जुलैत नवी मुलं येतील, त्यांनीही वाचलेलं बरं.

मध्य प्रदेशात 2021-22 पासून नवं शिक्षण धोरण आलं आणि आम्हा बी.ए.वाल्यांच्याही मागे इंटर्नशिप लागली. मी राज्यशास्त्राची, म्हणून विधायकजींचं, म्हणजे आमदारांचं, कार्यालय. पैसे मिळणार नाहीत हे आधीच सांगितलं होतं. पण सिटी बसचं भाडंसुद्धा घरून आणायचं, हे मला आजही पटत नाही. असो.

पहिल्या दिवशी तुम्ही कॉलेजचं पत्र मागितलंत आणि त्याखाली पी.ए. साहेबांकडून लिहून घेतलंत: वेळ अकरा ते चार, काम आवेदनं नोंदवणं आणि 181च्या (सीएम हेल्पलाइनच्या) तक्रारींचा पाठपुरावा, सर्टिफिकेटवर सही कोणाची. मला तेव्हा हा जरा आगाऊपणाच वाटला. पुढे 'सभा होईपर्यंत रात्री थांबा, मग बघू सर्टिफिकेटचं' असं सुरू झालं, तेव्हा तोच कागद कामी आला. पी.ए. साहेबांच्या मुलाचं शाळेचं प्रोजेक्ट माझ्या टेबलावर आलं, तेव्हाही तुम्ही टायपिंग न थांबवता म्हणालात, 'ती समग्रच्या आवेदनांवर बसलीय, साहेब. घरचं घरी.' (समग्र म्हणजे मध्य प्रदेश सरकारचा रहिवाशांसाठीचा ओळख क्रमांक.)

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती इंदूरच्याच हवा बंगला भागातून आलेली बाई. समग्र आयडीवर माहेरचं आडनाव, आधारवर सासरचं, आणि त्यापायी लाडली बहना या बायकांसाठीच्या सरकारी योजनेचा हप्ता अडकलेला. साडीच्या दुकानाच्या पिशवीत कागद घेऊन ती दारातच उभी होती. ऑफिसची रीत अशी की आधारचा फोटो काढायचा आणि ग्रुपवर टाकून द्यायचा. त्या ग्रुपमध्ये अर्धा वॉर्ड! तुम्ही तिला खुर्ची दिलीत, झेरॉक्स फाइलला लावलीत, मूळ कागद मोजून तिच्या पिशवीत परत घातलेत आणि मला म्हणालात, 'तिनं कागद आपल्याला दाखवलेत, गावाला नाही.' मग मंगळवारच्या जनसुनवाईला, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात तिथे, काय न्यायचं, ते तिला मोठ्या अक्षरात लिहून दिलंत. राज्यशास्त्राच्या तीन वर्षांत मला असं कोणी शिकवलं नव्हतं.

भैयांच्या, म्हणजे विधायकजींच्या, पोस्टवर आम्ही आपापल्या अकाउंटवरून लाइक-कमेंट करायचं, हे फर्मानही तुम्हीच परतवलंत. 'मुलांचं मत मुलांचं. तुमचं पेज तुम्ही सांभाळा.' असं पी.ए. साहेबांना तोंडावर सांगणारं त्या ऑफिसात दुसरं कोणी नव्हतं.

आणि ती दौऱ्याची गोष्ट. माझ्या मैत्रिणीला रात्री उशिरा 'फोटो काढायला एकटीच चल' म्हणून गाडीत बोलावलं. तुम्ही तिला घरी पाठवलंत, आणि दुसऱ्या दिवशी दार लावून आम्हा दोघींना 2013च्या कायद्याबद्दल सांगितलंत. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा हा कायदा बिनपगारी आणि शिकाऊ बाईलाही लागू आहे. दहापेक्षा कमी माणसांच्या ऑफिसात अंतर्गत समिती नसली, तरी जिल्ह्याची स्थानिक समिती असते, आणि तक्रार तीन महिन्यांत द्यायची. 'पगार नाही म्हणजे वाली नाही, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका,' हे तुमचे शब्द. मैत्रिणीनं तक्रार केली नाही, तो तिचा निर्णय. पण पुन्हा तिला तसं कोणी बोलावलं नाही.

आता एक काम. तुमच्या त्या पहिल्या दिवसाच्या कागदाचा नमुना मी टाइप केला आहे. विभागातल्या मॅडम तो नव्या मुलांना द्यायला तयार आहेत. त्यात बसभाड्याची ओळ मी माझ्या मनानं घातली आहे. ती ठेवू की काढू, आणि खाली तुमचं नाव घालू की नको, तेवढं कळवा. या रविवारी रामबागेत आहात ना? प्रत घेऊन येते.

तुमची,
खिडकीजवळच्या टेबलावरची इंटर्न