केंद्रीय विधी व न्याय मंत्र्यांना खुले पत्र : पक्ष बदला, पण आधी आम्हाला येऊन विचारा

माननीय मंत्रिमहोदय,

स. न. वि. वि.

मी सातारा जिल्ह्यातला निवृत्त प्राथमिक शिक्षक. नोकरीत असताना जेवढ्या निवडणुका आल्या, तेवढ्यांची ड्युटी केली. शेवटच्या काही निवडणुकांत केंद्राध्यक्ष होतो. पक्षांतरबंदी कायद्याबद्दल आपल्याला लिहायचं बरेच दिवस मनात होतं. मी वकील नाही. पण मत कसं दिलं जातं आणि कसं मोजून बांधलं जातं, हे हातानं केलेलं काम आहे. त्या अधिकारानं लिहितो.

२१ ऑक्टोबर २०१९ चा दिवस. पाटण तालुक्यातली डोंगरावरची दोन खोल्यांची शाळा. आदल्या दिवशीच्या पावसानं मैदानात चिखल झालेला. त्या दिवशी आमच्या खोलीत दोन यंत्रं होती. विधानसभेचं मतदान होतंच, शिवाय सातारा लोकसभेची पोटनिवडणूक होती. पांढरी मतपत्रिका लोकसभेची, गुलाबी विधानसभेची. पहाटे एजंटांसमोर मॉक पोल (चाचणी मतदान), मग सीआरसी (यंत्र बंद करून चाचणीचा निकाल बघणं आणि आकडे पुसणं), मग सील, सगळं दुप्पट. दहाच्या सुमाराला एक आजी नातवाचा खांदा धरून आल्या. शाई लावून घेता घेता त्यांनी विचारलं, "दोन-दोनदा का वो गुरुजी?" मी म्हणालो, एक लोकसभेचं, एक विधानसभेचं. "लोकसभेचं तर उन्हाळ्यात दिलं हुतं की. परत इचारायला आलंत व्हय?"

मला जास्त बोलायची परवानगी नव्हती. "होय आजी, पुन्हा मतदान आहे," एवढंच म्हणालो. व्हीव्हीपॅटच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते. दोन्ही यंत्रांपुढं त्या चिठ्ठी पडेपर्यंत वाकून बघत राहिल्या. कुठलं बटण दाबलं ते मला माहीत नाही, आणि माहीत असूही नये.

त्यांचा प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही. परत का विचारायला आलो होतो? कारण त्याच वर्षी राष्ट्रवादीच्या तिकिटावर निवडून आलेले आमचे खासदार उदयनराजे भोसले यांनी सप्टेंबरमध्ये खासदारकीचा राजीनामा दिला आणि ते भारतीय जनता पक्षात गेले. पक्ष बदलला, पण जागा सोडून बदलला, आणि नव्या चिन्हावर पुन्हा मतदारांपुढे उभे राहिले. साताऱ्यानं त्यांना सुमारे ८७ हजार मतांनी हरवलं. पुढं २०२४ मध्ये त्याच नव्या पक्षाच्या चिन्हावर त्याच साताऱ्यानं त्यांना निवडून दिलं. आधी नाही म्हटलं, नंतर हो म्हटलं. दोन्ही वेळा विचारून. त्यांच्या राजकारणाशी मी सहमत आहे की नाही, हा इथं मुद्दाच नाही. पक्ष बदलायचा तर कसा बदलावा, हे त्या वर्षी आमच्या जिल्ह्यानं पाहिलं.

आता त्याच खोलीतल्या दुसऱ्या यंत्राकडे या. गुलाबी मतपत्रिकेवरून पाटणचे जे आमदार निवडून गेले, ते शिवसेनेचे होते, आणि शिवसेना तेव्हा भाजपबरोबर युतीत लढली होती. निकाल लागला : भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. बहुमताला १४५ लागत होते. युतीला ते मिळालं होतं. तरी महिनाभर सरकार झालं नाही. राष्ट्रपती राजवट आली, २३ नोव्हेंबरला पहाटेचा शपथविधी झाला, ते सरकार चार दिवसांतच गेलं, आणि २८ नोव्हेंबरला शिवाजी पार्कवर शिवसेनेनं काँग्रेस-राष्ट्रवादीबरोबर शपथ घेतली. ज्यांच्याविरुद्ध मतं मागितली त्यांच्याच मांडीला मांडी लावून. किमान समान कार्यक्रम जाहीर झाला तो शपथेच्या दिवशीच. पुढे जून २०२२ मध्ये शिवसेनेचे चाळीसेक आमदार सुरतमार्गे गुवाहाटीला गेले, आमच्या पाटणचेही त्यांत होते, आणि युतीचं सरकार पुन्हा आलं. वर्षभरानं, २ जुलै २०२३ ला, राष्ट्रवादीतला मोठा गट त्याच सरकारात जाऊन बसला. पाच वर्षांत तीन मुख्यमंत्री झाले आणि चारही मोठ्या पक्षांनी कधी ना कधी कालच्या विरोधकाचा हात धरला. आजींना त्या पाच वर्षांत कुणीही परत विचारायला आलं नाही.

मी आघाड्यांच्या विरोधात नाही. एवढ्या जाती, एवढे प्रदेश, एवढ्या विचारांच्या देशात एका पक्षाला बहुमत मिळेलच असं नाही, आणि मिळालंच पाहिजे असंही नाही. महाराष्ट्रानं १९७८ मध्ये पुलोदचं (पुरोगामी लोकशाही दलाचं) सरकार पाहिलं आहे, १९९५ ची युती पाहिली आहे, १९९९ नंतरची पंधरा वर्षांची आघाडी पाहिली आहे. पक्षाचा विचार बदलू शकतो, माणसाचाही बदलतो. माझेही बदलले. संपूर्ण पक्ष, त्याच नावानं आणि त्याच चिन्हानं, बाजू बदलतो तेव्हा निदान पुढच्या निवडणुकीत मतदाराला त्याचा हिशेब करता येतो. २०१९ ची आघाडी पटो न पटो, ती त्या प्रकारात बसते. पण पक्षच मधून चिरतो, चिन्ह एकाकडं जातं आणि माणसं दुसरीकडं राहतात, तेव्हा हिशेब कुणाच्या नावावर मांडायचा?

हे साताऱ्यात डोळ्यांनी पाहिलं, म्हणून लिहितो. २०२४ च्या लोकसभेला राष्ट्रवादीचं घड्याळ हे चिन्ह एका गटाकडं गेलेलं, दुसऱ्या गटाला 'तुतारी वाजवणारा माणूस' मिळालेला. आणि त्याच यादीत एका अपक्षाला चिन्ह मिळालं तुतारी, ज्याला लोक पिपाणी म्हणाले. उदयनराजेंच्या विजयाचं मताधिक्य सुमारे ३२ हजारांचं होतं आणि पिपाणीला ३७ हजारांहून अधिक मतं पडली. ती सगळी चुकून पडली असं मी म्हणणार नाही, ते कुणालाच सांगता येणार नाही. पण चिन्हं ओळखून मत देणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना आम्ही वर्षानुवर्षं काय शिकवलं होतं? चित्र बघा, बटण दाबा. ते चित्रच आम्ही त्यांच्या हातातून काढून घेतलं.

मंत्रिमहोदय, कायद्यानं हे थांबायला हवं होतं. १९६७ नंतर आमदारांची ये-जा इतकी वाढली की केंद्रानं यशवंतराव चव्हाणांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. यशवंतराव आमच्याच जिल्ह्याचे, तेव्हा देशाचे गृहमंत्री. कायदा व्हायला मात्र १९८५ उजाडलं. ५२ वी घटनादुरुस्ती झाली, पक्षांतरबंदीचं दहावं परिशिष्ट आलं. त्यात एकतृतीयांश आमदारांच्या फुटीला माफी होती. किरकोळीला बंदी आणि घाऊक विक्रीला मुभा, अशी टीका तेव्हापासून होत आली. २००३ मध्ये ९१ व्या दुरुस्तीनं संसदेनं ती एकतृतीयांशची पळवाट बुजवली. दोनतृतीयांश आमदारांनी दुसऱ्या पक्षात विलीन होण्याची मात्र तशीच ठेवली.

त्या पळवाटेतून गोवा गेला. मार्च २०१९ मध्ये महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या तिघांपैकी दोन आमदार भाजपमध्ये 'विलीन' झाले. तिनातले दोन म्हणजे दोनतृतीयांश, कायदा खूश. जुलैत काँग्रेसचे पंधरापैकी दहा गेले. २०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसनं आपल्या उमेदवारांना मंदिरात, क्रुसापुढं आणि दर्ग्यात नेऊन पक्ष न सोडण्याच्या शपथा घ्यायला लावल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अकरापैकी आठ गेले. राज्यघटनेचं परिशिष्ट असताना देवाची शपथ घ्यावी लागते आणि तीही पुरत नाही, यावरून त्या परिशिष्टात किती जीव उरला आहे ते कळतं.

महाराष्ट्रात तर विलीनीकरणाचीही गरज पडली नाही. "आम्हीच मूळ पक्ष" एवढं म्हटलं की झालं. शिवसेनेच्या फुटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ११ मे २०२३ ला स्पष्ट सांगितलं की फूट हा आता बचाव राहिलेला नाही, की प्रतोद (पक्षादेश काढणारा) नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाचा नसून राजकीय पक्षाचा आहे, आणि राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावली ती योग्य नव्हती. मग अपात्रतेचा निर्णय गेला विधानसभाध्यक्षांकडं, वाजवी मुदतीत द्या म्हणून. याचिका जून २०२२ पासूनच्या, निर्णय १० जानेवारी २०२४ ला. कुणीही अपात्र नाही, ना या गटाचा, ना त्या गटाचा. त्याला पुन्हा न्यायालयात आव्हान मिळालं आणि अंतिम निकालाच्या आधी विधानसभेची मुदतच संपली.

इथं मला माझं केंद्र आठवतं. संध्याकाळी सहाला मतदान बंद झालं की १७ ए च्या नोंदवहीतल्या सह्या-अंगठे आणि यंत्रावरचा आकडा जुळावा लागतो. एका मताचा फरक आला तरी केंद्राध्यक्षाचा घाम फुटतो. १७ सी, म्हणजे मतांच्या हिशेबाचा नमुना, भरून, एजंटांच्या सह्या घेऊन, त्यांना प्रती देऊन मगच यंत्र उचलायचं. रात्री दीडला तालुक्याला साहित्य जमा करताना एक पाकीट चुकीच्या पिशवीत गेलं म्हणून मला तासभर उभं केलं होतं. मला त्याचा राग आला नाही, एका एका मताची काळजी तशीच घ्यायची असते. पण जी मतं आम्ही अशी मोजून बांधून दिली, त्यांचं वर काय झालं हे ठरवायला दीड वर्ष लागलं, आणि ज्यांनी ठरवायचं ते अध्यक्ष स्वतः एका पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेले असतात. कोणत्याही राज्यात, कोणत्याही पक्षाचे. व्यक्तीबद्दल माझी तक्रार नाही, ती खुर्चीच या कामाची नाही.

हे मी एकटा म्हणत नाही. मणिपूरच्या खटल्यात जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तीन महिन्यांची मर्यादा सुचवली आणि हे काम स्वतंत्र न्यायाधिकरणाकडं देण्याचा विचार संसदेनं करावा, असं म्हटलं. ३१ जुलै २०२५ ला तेलंगणाच्या दहा आमदारांच्या प्रकरणात न्यायालयानं पुन्हा तीन महिने दिले आणि अध्यक्षांकडं हे काम ठेवणं योग्य आहे का, हे संसदेनंच पाहावं असं सांगितलं. संसदेचं दार दोनदा ठोठावून झालं आहे. ते उघडायचं काम आपल्या मंत्रालयाचं.

माझी मागणी साताऱ्यातून आलेली आहे. ज्या चिन्हावर निवडून आलात ते सोडायचं असेल तर जागा सोडा, सहा महिन्यांत पुन्हा मतं मागा. एकटे असा नाहीतर चाळीस, दोनतृतीयांश असा नाहीतर नऊदशांश. दहाव्या परिशिष्टातला विलीनीकरणाचा चौथा परिच्छेद काढून टाका. तक्रारीचा निकाल निवृत्त न्यायमूर्तींच्या न्यायाधिकरणानं तीन महिन्यांत द्यावा. आणि निवडणुकीनंतर जुळलेल्या कुठल्याही आघाडीनं आपला करार विश्वासदर्शक ठरावाआधी सभागृहात मांडावा, वर्तमानपत्रात छापावा.

त्याच वेळी पक्षादेशाचा (व्हिपचा) फास मात्र सैल करा. दिनेश गोस्वामी समितीनं १९९० मध्येच सुचवलं होतं की मतदानावरून अपात्रता फक्त विश्वास-अविश्वासाच्या ठरावापुरती असावी. त्यात अर्थसंकल्पाची भर घाला. एरवी आमदाराला शेतीच्या, पाण्याच्या, शाळेच्या विधेयकावर मनाप्रमाणं हात वर करू द्या. आज होतं ते उलटंच. एखाद्या विधेयकावर प्रामाणिकपणे वेगळं मत दिलं तर जागा जायची भीती, आणि सरकारच उलटवलं तर मंत्रिपद.

पोटनिवडणुकीला खर्च येतो, असं कुणी म्हणेल. येतो. आम्हीच ती यंत्रं डोंगरावर वाहून नेतो. आपण डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत एकत्र निवडणुकांचं विधेयक मांडलंत. ते झालं तर मतदाराला लोकसभा-विधानसभेसाठी एरवी पाच वर्षांतून एकदाच बोलता येईल. मग मधल्या काळात त्याचं मत दुसऱ्याच्या खात्यावर फिरवता येऊ नये, ही व्यवस्था आधी नको का? पाटणचे आमदार २०२४ मध्ये पुन्हा निवडून आले, म्हणजे लोकांना ते मान्य होतं, असंही मला सांगितलं जातं. असेल. मग २०२२ मध्येच विचारायला काय हरकत होती?

आपण पक्षांतराबाबत असं विधेयक आणलंत आणि त्यानंतर आमच्या डोंगरात कधी पोटनिवडणूक लागली, तर मी निवृत्त असलो तरी स्वयंसेवक म्हणून रांगेपाशी उभा राहीन. म्हातारी माणसं विचारतील, परत कशाला? तेव्हा मला नुसतं "पुन्हा मतदान आहे" म्हणून थांबावं लागणार नाही. "तुम्हाला विचारायचं होतं, म्हणून," असं सांगता येईल.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
जि. सातारा