पिकोसला जाताय? मग आधी जेवणाच्या वेळा बदला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत स्पेनवर पानभर लेख आला होता. लेख छान होता, वाद नाही, पण बार्सिलोना, माद्रिद, टोमॅटो फेकायचा सण हे सगळं सविस्तर आणि उत्तरेकडचा पिकोस दे एउरोपा हा डोंगराळ भाग मात्र 'स्पेनचं स्वित्झर्लंड' म्हणून दीड ओळीत उरकलाय. आमची भाची तिकडे ओव्हिएदो शहरात नोकरीला आहे, तिच्यामुळे त्या भागात जाणंयेणं झालं. हल्ली आपली मराठी मंडळीही तिकडे दिसायला लागलीत आणि त्यांचं काय काय चुकतं तेही दिसतं, म्हणून हे पत्र.

पहिली गोष्ट म्हणजे स्वित्झर्लंड डोक्यातून काढून टाका. हा भाग अस्तुरियास, कांताब्रिया आणि लेओन अशा तीन प्रांतांत पसरलाय, समुद्र अगदी जवळ, त्यामुळे सकाळी लख्ख ऊन आणि दुपारी समोरचा माणूस दिसणार नाही एवढं धुकं, हे जुलै-ऑगस्टमध्येसुद्धा चालतं. तिकडचा बारीक पाऊस, ज्याला ते लोक ओर्बायु म्हणतात, तो दिसत नाही पण तासाभरात आतपर्यंत भिजवतो. तेव्हा उन्हाळा आहे म्हणून नुसत्या टी-शर्टवर जाऊ नका, विंडचीटर आणि चांगल्या ग्रिपचे बूट हवेतच. आणि हे सगळे चुनखडीचे डोंगर, पाणी खाली झिरपून जातं, वर प्यायला मिळेल या भरवशावर राहू नका.

पोचायला आता सोपं झालंय. 2023 च्या नोव्हेंबरात पाहारेस खिंडीखालून जाणारा नवा रेल्वेमार्ग सुरू झाला, माद्रिदहून ओव्हिएदो सव्वातीन तासांच्या आसपास. तिथून बसने कांगास दे ओनिस या गावी. (तिथल्या पुलाला सगळे 'रोमन पूल' म्हणतात पण तो मध्ययुगातला आहे, गाइडने काहीही सांगितलं तरी.) वर कोवादोंगाची दोन तळी, एनोल आणि एर्सिना, बघायला सगळेच जातात, पण उन्हाळ्यात आणि ईस्टरच्या सुट्टीत दिवसा खासगी गाड्या वर सोडत नाहीत, कांगासहून बस घ्यावी लागते. भाड्याची गाडी घेऊन अकरा वाजता नाक्यावर पोचून पोलिसाशी हुज्जत घालणारं एक कुटुंब मी बघितलंय, भाषा होती आपलीच. तो पोलीस शांतपणे बसस्टॉपकडे बोट दाखवत राहिला, दुसरं काय करणार.

आता मुख्य मुद्दा. ही गावं टुरिस्टसाठी बांधलेली नाहीत, तिथे लोक गाई-शेळ्या पाळून, चीज करून जगतात. आपण चालतो ती हिरवी कुरणं म्हणजे कोणाची तरी चराई असते. वाटेत फाटक लागलं तर उघडून आत गेल्यावर परत लावायचं, बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडंच ठेवायचं, एवढं साधं आहे. वासरू गोड दिसतं म्हणून सेल्फीला जवळ जाऊ नका, आई बघत असते. आणि मास्तीन नावाचे ते प्रचंड कुत्रे, लांडग्यांपासून कळप राखायला ठेवलेले, काहींच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असतो, त्यांना चुचकारायला किंवा बिस्किट द्यायला जायचं नाही. पळायचं नाही, ओरडायचं नाही, काठी उगारायची नाही, कळपाला लांबून वळसा घालून सावकाश निघून जायचं. तसंच खांबांवर उभी असलेली लाकडी कोठारं दिसतात, ओर्रेओ म्हणतात, खांबाच्या डोक्यावर उंदीर चढू नये म्हणून सपाट दगड बसवलेला असतो. फोटो लांबून खुशाल काढा, पण जिना चढून वर बसू नका, ते कोणाच्या तरी घराचं कोठार आहे.

वाटेत समोरून येणाऱ्या प्रत्येकाला 'ओला' म्हणायचं, दुकानात किंवा बारमध्ये शिरताना 'बुएनोस दीआस'. हे न करता थेट 'वन कॉफी' म्हटलं तर कॉफी मिळते पण चेहरा पडलेला असतो. आणि कृपा करून ब्लूटूथ स्पीकर घरी ठेवा, सह्याद्रीत त्याचा जो ताप होतो तोच तिकडे निर्यात करायला नको. नॅशनल पार्कात ड्रोनही चालत नाही.

कारेसची घळ हा तिथला सगळ्यात नावाजलेला ट्रेक, पोन्सेबोसहून काईनपर्यंत साधारण 12 किलोमीटर, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला खाली नदी. ही वाट मुळात जलविद्युतच्या कालव्याची देखभाल करायला खोदलेली, म्हणून सुरुवातीचा चढ सोडला तर बरीचशी सपाट आहे, पण कठडा जवळजवळ कुठेच नाही. लोक एक हिशोब विसरतात तो म्हणजे परत यायचं आहे. काईनहून पोन्सेबोसला गाडीने यायचं तर अख्ख्या डोंगराला फेरा पडतो, त्यामुळे बहुतेक जण आल्या वाटेने परत, म्हणजे 24 किलोमीटर. घळीत मोबाइलला रेंज धरून चालू नका. अडचण आली तर नंबर 112. आणि जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो म्हणून दुपारी तीनला निघू नका, धुक्याला घड्याळ कळत नाही.

गुडघे कुरकुरत असतील तर फुएंते देचा रोपवे आहे, 1966 पासूनचा, चार मिनिटांत 753 मीटर वर नेतो. ऑगस्टमध्ये रांग भयंकर असते, तिकीट आधी काढा, वारा जास्त असला तर बंदही ठेवतात. बुल्नेस गावालाही 2001 पासून बोगद्यातून फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी छोटी रेल्वे, जाते, तोपर्यंत त्या गावाला वर जायला फक्त पायवाट होती. जाताना फ्युनिक्युलर आणि उतरताना पायवाट असं केलं तर दोन्हींची गंमत कळते.

आता जेवण, जिथे आपलं सगळ्यात जास्त बिनसतं. तिकडे दुपारचं जेवण दोन ते चार, रात्रीचं नऊच्या पुढे. साडेबाराला किंवा संध्याकाळी सातला गेलात तर किचन बंद, आणि दुकानंही दुपारी तीनेक तास बंद. त्यावर चिडून उपयोग नाही, पिशवीत ब्रेड-केळी ठेवा. दुपारी 'मेनू देल दीआ' मागायचा, ठरलेल्या दरात दोन पदार्थ, गोड, ब्रेड आणि बहुतेक ठिकाणी वाइन किंवा पाणी, त्याच्याइतकं परवडणारं दुसरं काही नाही. टिपची सक्ती नसते, चिल्लर ठेवली तरी चालतं.

शाकाहारी मंडळींनी जरा जास्त तयारीने जावं. 'कार्ने (मांस) नको' एवढंच सांगितलं तर ट्यूना घातलेलं सॅलड येईल किंवा भाजीत हॅमचे तुकडे, कारण त्यांच्या लेखी ते मटण नाहीच. म्हणून कार्ने नाही, हामोन (हॅम) नाही, चोरिसो (डुकराचं सॉसेज) नाही, पेस्कादो (मासे) नाही, असं एकेक नाव घेऊन सांगा. फाबादा नावाची पांढऱ्या मोठ्या, राजम्यासारख्या दाण्यांची उसळ बघून जीव हरखतो, पण ती डुकराच्या मांसातच शिजते. बटाट्याचं ऑम्लेट, मक्याचे तळलेले तोर्तोस, काब्रालेसचं निळं चीज (डोंगरातल्या गुहांमध्ये मुरवलेलं, वास जबरदस्त) यावर निभतं. बऱ्याच पारंपरिक चीजमध्ये जनावराचं रेनेट (वासराच्या पोटातून काढलेलं, दूध घट्ट करायचं विरजण) असतं, कडक पाळणाऱ्यांनी विचारून घ्यावं. शेवटी अर्रोस कोन लेचे मागवा, ती सरळ आपली तांदळाची खीर आहे, वर साखर जाळून कडक केलेली.

आणि सिद्रा, म्हणजे सफरचंदाची दारू. ज्यांना चालते त्यांच्यासाठी सांगतो, बाटली स्वतः ओतून घ्यायला जाऊ नका. वेटर बाटली डोक्याच्या वर धरतो, ग्लास कमरेच्या खाली तिरका, आणि नजर भलतीकडेच ठेवून वरून धार सोडतो, धार ग्लासच्या काठावर आपटून फेस आला पाहिजे. ग्लासात जेमतेम दोन बोटं येते, ती लगेच एका दमात प्यायची, फेस बसला की चव गेली. तळाशी थोडी ठेवायची आणि ज्या काठाने प्यालात तिथूनच ओतून द्यायची, कारण पूर्वापार एकच ग्लास टोळक्यात फिरतो. अर्धा तास तोच ग्लास घेऊन गप्पा मारणाऱ्या पाहुण्याकडे आख्खा बार बघत असतो. डिसेंबर 2024 मध्ये युनेस्कोने या सिद्रा संस्कृतीला वारशाच्या यादीत घेतलं, त्यामुळे आता ते लोक आणखीच हळवे झालेत.

टूर कंपन्यांबद्दल एक. आमच्या ओळखीच्यांना एका कंपनीने 'पिकोस' दाखवला तो असा, की बसमधून उतरून तळ्याकाठी चाळीस मिनिटं, फोटो, आणि रात्री परत शहरात. पैसे भरायच्या आधी एवढंच विचारून घ्या की डोंगरातल्या गावात मुक्काम किती रात्रींचा आहे आणि धुकं आलं तर दुसरा दिवस हातात आहे का. उत्तर देताना एजंट चाचरला तर ट्रेनचं तिकीट स्वतःच काढा.

आपला,
एक वाचक, डोंबिवली