विषय: 80,240 रुपये आणि छताचा पंखा

प्रति,
व्यवस्थापक, सीताबर्डी शाखा

तुमच्या ऑफिसातून आलेला चौथा फोन आज दुपारी पावणेचारला तिकडूनच कट झाला. म्हणून आता लेखी.

तुमच्या फोटोग्राफीच्या कोर्समध्ये काय काय आहे ते तुम्हीच छापलं आहे, मी परत सांगत बसत नाही. 'प्रॉडक्ट, फूड, ज्वेलरी' हे शब्द पत्रकावर सगळ्यात मोठे आहेत. फी 68,000 आणि त्यावर 18 टक्के जीएसटीचे 12,240, असे एकूण 80,240 रुपये मी एकरकमी भरले. त्या बदल्यात 24 पैकी सहा रविवार आम्ही फुटाळा तलावावर सूर्यास्ताचे फोटो काढले. सूर्यास्त विकत कोण घेतं? मला इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानाचं काम करायचं होतं.

स्टुडिओ तीनदा मिळाला. आम्ही 17 जण आणि फ्लॅश दोन, त्यातला एक पेटतच नव्हता. दिवा दुप्पट लांब नेला की वस्तूवर चौथा हिस्साच उजेड पडतो, हे सरांनी समजावलं. पण फळ्यावर.

मार्चमध्ये पहिलं काम मिळालं: स्टीलचे डबे, कळशा, तांब्याचे हंडे, एकूण 40 नग. फोटो उघडून पाहिले तर प्रत्येक कळशीच्या पोटात मी, माझा ट्रायपॉड, खिडकी आणि छताचा पंखा. सरांना विचारलं. ते म्हणाले, पोलरायझर लावा. 2,900 रुपयांचा फिल्टर आणला. काचेवरची, पाण्यावरची चमक त्याने कमी होते. उघड्या धातूवरची होत नाही. हे मला पैसे गेल्यावर कळलं. सरांना अजून कळलेलं नसावं.

आता आजचा फोन. बोलणारे स्वतःला 'सिनिअर अ‍ॅकॅडमिक कोऑर्डिनेटर' म्हणवतात. शब्दाला शब्द लिहिते, कारण तुम्हाला खोटं वाटेल.

मी म्हटलं, भांड्यात पंखा दिसतो, हे तुमच्या कोर्सनं शिकवायला हवं होतं.
ते म्हणाले, "मॅडम, मग पंखा बंद करायचा ना."
मी म्हटलं, भाऊ, बंद पंखासुद्धा पंखाच दिसतो. उलट जास्त स्पष्ट दिसतो.
थोडा वेळ शांतता. मला वाटलं, कोणाला तरी विचारून राहिले असतील. मग म्हणाले, "तर मग पंखा नसलेल्या खोलीत काढा."
नागपुरात. मे महिन्यात. पंखा नसलेली खोली.
मी सरळ विचारलं, तुम्ही कधी एखादं भांडं शूट केलंय का? त्यावर उत्तर असं: "तुम्ही उगाच टेन्शन घेऊन राहिल्या मॅडम. लेडीजसाठी हॉबी म्हणून बेस्ट कोर्स आहे आपला." आणि फोन कट.

हॉबी! 80,240 रुपयांची. मी शांतपणे लिहायचं ठरवलं होतं, पण हे वाक्य दुपारपासून डोक्यातून जात नाही. पत्रकावर 'हॉबी' कुठे लिहिलंय ते मला कृपया दाखवावं.

ते काम शेवटी झालं. भांड्याभोवती ट्रेसिंग पेपरचा तंबू केला, उजेड बाहेरून त्या कागदावर टाकला, भिंगापुरतं भोक ठेवलं आणि कडा उठून दिसाव्यात म्हणून दोन्ही बाजूंना काळ्या चार्टपेपरच्या पट्ट्या लावल्या. सगळा खर्च 210 रुपये. हे मला धरमपेठेत दागिन्यांचे फोटो काढणाऱ्या एका काकांनी टपरीवर वीस मिनिटांत सांगितलं. चहाचे पैसेही त्यांनीच दिले.

'क्लायंट हँडलिंग'बद्दल तर बोलायलाच नको. माझे फोटो दुकानदारानं होर्डिंगवर लावले, मी वेगळे पैसे मागितले. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 17 सांगतं की पैसे देऊन कोणी फोटो काढून घेतला, तर वेगळा करार नसताना पहिला मालक तोच. मला हे त्याच्या भाच्यानं सांगितलं, वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला आहे तो. करार कसा लिहावा, यावर तुमच्याकडे एक तासही नव्हता. सूर्यास्ताला सहा रविवार होते, हे मी वर लिहिलंच आहे, तरी परत लिहिते.

वाईट याचं वाटतं की माझ्या मावसबहिणीलाही तुमचंच नाव मी सुचवलं होतं. तिला परवा थांबवलं.

पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत पूर्ण 80,240 रुपये माझ्या खात्यात जमा करावेत. निम्मे परत आणि निम्म्यात 'अ‍ॅडव्हान्स बॅच' फुकट, हा तिसऱ्या फोनवरचा प्रस्ताव मला मान्य नाही. नाहीतर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. पावती, पत्रक, फिल्टरचं बिल आणि पंख्याचे 40 फोटो जपून ठेवले आहेत.

आणि 'आमच्या सेवेला 1 ते 5 पैकी किती गुण द्याल?' हा मेसेज पाठवणं बंद करा. पावणेचारपासून दोनदा आला आहे.

तुमची रविवारच्या बॅचची विद्यार्थिनी
(पावतीची प्रत सोबत जोडली आहे)