किडनीच्या रुग्णांना असे घाबरवू नका

संपादक महोदय,

कालच्या आरोग्य पुरवणीतील लेख वाचून संताप आला. भूल देताना वापरायची, स्नायू शिथिल करणारी सगळी औषधे किडनीवाटेच बाहेर पडतात, म्हणून डायलिसिसवरच्या रुग्णांनी शस्त्रक्रिया 'शक्यतो टाळावी', असे लेखकाने बिनदिक्कत लिहून टाकले आहे. भूलतज्ज्ञ म्हणून उभे आयुष्य शस्त्रक्रियागृहात घालवलेल्या माणसाला हे वाचून गप्प बसवत नाही.

अट्राक्युरियम आणि सिसॅट्राक्युरियम ही औषधे शरीराच्या तापमानाला रक्तातच आपोआप विघटित होतात. त्यासाठी ती किडनीवर अवलंबून नसतात. ती १९८० नंतरच्या काळात वापरात आली, म्हणजे ही कालपरवाची गोष्ट नव्हे. व्हेक्युरोनियम आणि रोक्युरोनियमचा अंमल अशा रुग्णांत लांबू शकतो, हे खरे. सक्सिनिलकोलीनने रक्तातले पोटॅशियम लिटरमागे साधारण अर्ध्या मिलिमोलने वाढते, म्हणून आधी पोटॅशियम तपासायचे आणि ते वाढलेले असेल तर हे औषध टाळायचे. प्रश्न योग्य निवडीचा आहे, आणि लेखात नेमका त्याचाच पत्ता नाही.

धोका कसला असतो, ते मी पाहिले आहे. मी शिकत होतो तेव्हा किडनी निकामी झालेल्या एका बाईंना पॅनक्युरोनियम हे स्नायू शिथिल करणारे औषध दिले गेले. ते मुख्यतः किडनीवाटेच बाहेर पडते. शस्त्रक्रिया उत्तम झाली, शेवटी त्याचा अंमल उतरवणारे निओस्टिग्मीन दिले, बाई हात हलवू लागल्या, तशी श्वासाची नळी काढली. रिकव्हरीत मी त्यांच्या शेजारी उभा होतो. पापण्या अर्ध्यावरच अडत होत्या. 'डोके उचला' म्हटले की मानेच्या शिरा ताणल्या जात, पण डोके उशीवरून सुटत नव्हते. श्वास घेताना पोट वर आणि छाती आत. पुन्हा नळी घालावी लागली, रात्र व्हेंटिलेटरवर गेली. नंतर त्या म्हणाल्या, "तुमचं सगळं बोलणं ऐकू येत होतं हो, श्वासच पुरत नव्हता."

तेव्हा तिथे नर्व्ह स्टिम्युलेटर, म्हणजे नसेला विजेचे हलके झटके देणारे यंत्र, नव्हते. मनगटाजवळच्या नसेला चार झटके द्यायचे आणि चौथ्या झटक्याला अंगठा पहिल्याच्या निदान ९० टक्के जोराने हलतो की नाही, ते मोजायचे. ते झाल्याशिवाय नळी काढायची नाही. किडनीच्या रुग्णात तर हे हवेच हवे. अंमल उतरवणारे सुगामाडेक्स आले म्हणून मोजमाप सोडता येत नाही. तेही किडनीवाटेच बाहेर पडते आणि किडनी फारच निकामी असेल तर त्याच्या माहितीपत्रकात ते न वापरण्याचीच शिफारस आहे. 'माझ्यावर हे मोजणार का?' असे रुग्णाने विचारावे, एवढे एक वाक्य लेखात असते तरी पुष्कळ झाले असते.

त्याऐवजी काय झाले? काल संध्याकाळीच ओळखीच्या एका डायलिसिसवरच्या गृहस्थांचा फोन आला, की 'हर्नियाचं ऑपरेशन रद्द करतो'. अडकलेल्या हर्नियाने आतडे सडले तर त्याची जबाबदारी तुमचे लेखक घेणार आहेत का?

आणखी एक. लेखासोबतच्या छायाचित्रात रुग्णाच्या फिस्टुलाच्याच (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेल्या जोडणीच्या) हाताला बीपीचा पट्टा गुंडाळलेला आहे! त्या हातावर बीपी घेत नाहीत, सुई टोचत नाहीत, हे डायलिसिसच्या प्रत्येक रुग्णाला पहिल्या आठवड्यात शिकवतात. फिस्टुला बंद पडली तर नवी करायला पुन्हा शस्त्रक्रिया. कृपया दोन्ही दुरुस्त्या छापा, आणि त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत.

आपला,
एक निवृत्त भूलतज्ज्ञ