फलकावरचे अक्षर पिक्सेलमध्ये ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

2027 च्या सिंहस्थासाठी नाशकात एलईडी सूचनाफलक लागतील. त्यावर फिरणारा मजकूर वाचता यावा म्हणून हे पत्र. मी मोशन ग्राफिक्सचे, म्हणजे स्क्रीनवरच्या हलत्या अक्षरा-चित्रांचे काम करते. अशा कामांत डिझाइन एकाकडे आणि अ‍ॅनिमेशन दुसऱ्याकडे असते. गडबड होते ती या दोघांच्या मध्ये.

फोटोशॉपमध्ये फाइल छपाईच्या सवयीने 300 रिझोल्यूशनवर, म्हणजे इंचाला 300 पिक्सेल (ठिपके) धरून बनते आणि ‘अक्षर 24 पॉइंट’ एवढाच निरोप पुढे येतो. 72 पॉइंट म्हणजे एक इंच. त्यामुळे त्या फाइलमध्ये 24 पॉइंटचे अक्षर प्रत्यक्षात 100 पिक्सेलचे असते. आफ्टर इफेक्ट्स हे अ‍ॅनिमेशनचे सॉफ्टवेअर मात्र पिक्सेलच मोजते. तिथे कोणी 24 टाकले की अक्षर चौथाईवर येते. मग अक्षराचा लेयर (थर) ताणून ते नजरेच्या अंदाजाने मोठे केले जाते. एका सूचनेत स्केल, म्हणजे ताणण्याचे प्रमाण, 380 टक्के, दुसऱ्यात 410. आकड्याच्या खान्यात दोन्हीकडे 24 च दिसते, म्हणून तपासणाऱ्याला काही कळत नाही. गेल्या महिन्यात एका सरकारी कामाच्या फायली माझ्याकडे दुरुस्तीला आल्या, त्यात हेच होते. पाच सूचना, पाच मापे.

त्यात स्क्रीनचा हिशेब कोणी विचारत नाही. पी-10 स्क्रीनवर दर 10 मिलिमीटरला एक ठिपका असतो. म्हणजे 3.2 मीटर रुंद फलकावर आडवे 320 पिक्सेल, बस्स. 1920 पिक्सेल रुंदीवर केलेले काम तिथे सहा पटींनी आक्रसते आणि 60 चे अक्षर 10 पिक्सेलचे उरते. इंग्रजी कॅपिटल अक्षरे तेवढ्यात कशीबशी तग धरतात, आपली नाही. ‘पार्किंग’ लिहून पाहा. वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकाच अक्षराच्या डोक्यावर येतात आणि 10 पिक्सेलमध्ये तिन्हींचा मिळून एक ठिपका होतो. बाहेरगावाहून आलेल्या माणसाने गर्दीत ते काय वाचायचे?

फाँट बदलला तरी घोळ होतोच. दोन देवनागरी फाँटांत 40 चा आकार सारखा दिसेल याची खात्री नसते. म्हणून आकड्यावर विसंबू नये, शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतची उंची मोजावी. ओळींमधले अंतरही ‘ऑटो’वर न सोडता आकड्यात लिहून द्यावे, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो.

माझी मागणी खर्चाची नाही. वर्क ऑर्डरमध्येच स्क्रीनचे नेमके पिक्सेल, फाँटचे नाव आणि अक्षराची पिक्सेलमधली उंची लिहावी. डिझाइन 72 रिझोल्यूशनवर, स्क्रीनच्याच पिक्सेल-मापाच्या आर्टबोर्डवर (कोऱ्या पानावर) मागवावे. लेयरचे स्केल 100 टक्केच ठेवावे आणि आकार बदलायचा तर फाँटच्या आकड्यानेच बदलावा. मंजुरीचा नमुना साहेबांच्या लॅपटॉपवर पाहू नये. तो त्याच फलकावर, भर दुपारी, रस्त्याच्या पलीकडून वाचून पाहावा.

आपली,
एक मोशन डिझायनर
इंदिरानगर, नाशिक