हिमनदी विस्तारातील चुकांबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : हेलिकॉप्टर बचाव गेमच्या विस्तारातील हिमनद्या दुरुस्त करणे किंवा पैसे परत देणे

महोदय,

तुमचा हा सिम्युलेशन गेम मी तीन वर्षं खेळते आहे. दरीतला वारा, विरळ हवेत हेलिकॉप्टरची घटणारी ताकद हे सगळं तुम्ही फार मन लावून केलंय. म्हणूनच 'खऱ्याखुऱ्या हिमनद्या' अशी जाहिरात पाहून विस्तार, म्हणजे गेमला जोडायचा जादा भाग, पहिल्याच दिवशी विकत घेतला. माझी घोर निराशा झाली.

परवा एका जखमी गिर्यारोहकाला उचलायचं होतं. उतरण्यासाठी मी तीव्र उताराच्या पायथ्याचा सपाट पट्टा निवडला. तीव्र उतारावरून येताना बर्फ ताणला जातो आणि तडकतो, म्हणून भेगा तिथे असतात. उतार संपला की मागून येणारा बर्फ दाबत राहतो आणि त्या मिटत जातात. विचार करून निवडलेली जागा होती. हेलिकॉप्टरचे स्किड (खालचे टेकायचे दांडे) टेकले, खाली भेग उघडली, मोहीम संपली. मग कॅमेरा वर नेऊन पाहिलं, तर उतारावर एकही भेग नाही! खाली मात्र तोच वाकडा कोपरा असलेली तीच भेग अकरा ठिकाणी चिकटवलेली. बर्फ वाचता येणाऱ्यालाच इथे शिक्षा होते, याचा मला खरंच राग आला.

हिमनदी वाहते, हेच तुम्ही विसरलात. ती मधोमध वेगाने सरकते, काठाशी खडक तिला अडवतो. लुई अगासी यांनी १८४० च्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या उंटरार हिमनदीवर खुणा रोवून हे मोजलं होतं. या ओढाताणीमुळे काठच्या भेगा तिरप्या पडतात, काठाकडून आत जाताना उगमाकडे झुकलेल्या. तुमच्याकडे त्या पट्टीने आखल्यासारख्या आडव्या आहेत.

स्वित्झर्लंडमधली 'आलेच' (Aletsch) नावाची हिमनदी तर ओळखूच येत नाही. तिच्यावरच्या कॉन्कॉर्डियाप्लाट्झ या जागी बर्फाचे प्रवाह एकत्र येतात, त्यांच्या काठचे दगडगोटे मधे सापडतात आणि दोन काळे पट्टे थेट खालपर्यंत उतरतात. हे मध्य हिमोढ वरून उडताना सगळ्यात आधी डोळ्यांत भरतात. तुम्ही तिथे पांढरी चादर अंथरली आहे, आणि तीसुद्धा जानेवारीत आणि ऑगस्टमध्ये सारखीच. ऑगस्टमध्ये हिमरेषेच्या खाली करडा, उघडा बर्फ दिसायला हवा. हिमनदीच्या मुखातून निघणारं पाणी तिने दळलेल्या खडकाच्या पिठामुळे दुधाळ हवं, तुमचं नितळ निळं आहे.

उताराची माहिती तुमच्या नकाशात आधीपासून आहे. भेगा निदान तिच्यावरून ठरवा, बाकीचं मागाहून केलंत तरी चालेल. ही दुरुस्ती कधी होणार ते लेखी कळवा. होणार नसेल तर विस्ताराचे पूर्ण पैसे परत करा. खरेदीची पावती आणि त्या मोहिमेचं रेकॉर्डिंग सोबत जोडलं आहे.

आपली,
एक नियमित ग्राहक